गुळवेलीचा रस, किल्यायची साल आणि रक्तातील पांढऱ्या पेशी



ज्या डॉक्टरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या कपाटात ब्रिटिश औषधकोशाच्या शेजारी भावप्रकाशाची प्रत असे. आणि घरचा काढा चालू ठेवू काय, असे रोग्याने विचारले असता, कशाचा, किती आणि केव्हापासून हे तीन प्रश्न केल्यावाचून ते होय किंवा नाही असे उत्तर देत नसत, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगतात. आजच्या विषयाची मांडणी मी त्याच तीन प्रश्नांच्या अनुरोधाने करणार आहे.

विषय सर्वांच्या परिचयाचा आहे. कोरोनाच्या साथीत कडुनिंबावर चढलेली गुळवेल शोधीत लोक कोयते घेऊन हिंडत होते, सोसायट्यांच्या कुंपणांवरून तिची कांडी रातोरात नाहीशी होत होती, आणि आयुष मंत्रालयाच्या शिफारशींत तिचे नाव आल्यामुळे या लोकश्रद्धेस एक प्रकारची सरकारी सनदही मिळाली होती. औषधांच्या दुकानांत प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या म्हणून विकल्या गेलेल्या गोळ्या, सरबते आणि अवलेह यांची मोजदाद कोणी ठेवली असेल असे वाटत नाही. निसर्गातील काही द्रव्ये शरीराच्या संरक्षक पेशींना उत्तेजित करतात, हे या सर्व व्यवहाराच्या मुळाशी असलेले विधान खोटे नाही, उलट ते आपण समजतो त्याहून अधिक खरे आहे; आणि माझे आजचे सांगणे एवढेच आहे की पेशी उत्तेजित होणे ही गोष्ट सोपी असून, ती योग्य जागी, योग्य मात्रेत आणि योग्य वेळी उत्तेजित होऊन पुन्हा शांत होणे ही गोष्ट फार कठीण आहे, व ज्यांनी या कठीण भागाकडे लक्ष दिले त्यांच्याच हाती खरे औषध लागले आहे.

या संरक्षक पेशींच्या शास्त्राचा एक उगम सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात सापडतो. तेथे १८८२ साली एल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या डिंभांचे निरीक्षण करीत होता. हे डिंभ काचेसारखे पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या अंतर्भागात हिंडणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येतात. मेचनिकॉफच्या मनात आले की या भटक्या पेशी शरीराचे रक्षण करीत असल्या पाहिजेत, आणि तसे असेल तर शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूभोवती त्या जमा झाल्या पाहिजेत. त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणून डिंभांच्या त्वचेखाली खुपसले, उत्कंठेने ती रात्र जागून काढली, आणि सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने या भक्षकपेशींचा सिद्धान्त हिरिरीने मांडला, आणि १९०८ साली पॉल एर्लिखबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हा एर्लिख रक्तद्रवातील द्रव्यांना महत्त्व देणाऱ्या प्रतिपक्षाचा अग्रणी होता, ही त्या निवडीतील गंमत.

मेचनिकॉफच्या परंपरेचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. ओडेसा येथील त्याचा शिष्य वाल्देमार हाफकिन याने मुंबईच्या प्लेगात लस सिद्ध करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि दोन वर्षांनी त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. त्याच परळात पुढे के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले, आणि गुळवेलीची आधुनिक पद्धतीने झालेली महत्त्वाची तपासणी तेथेच, सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात झाली, हा योगायोग मला फार आवडतो.

त्या विभागातील डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकांना ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ यांच्या लेखिका म्हणून अधिक परिचित आहेत. वनस्पतींवर इतके प्रेम करणारी व्यक्ती त्यांच्या गुणांविषयी भाबडी असेल अशी कोणाची समजूत असल्यास त्याने त्यांचे शास्त्रीय निबंध वाचावेत. डॉ. उर्मिला थत्ते व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी १९८०च्या दशकात उंदरांच्या उदरपोकळीत कोलाय जीवाणूंचा संसर्ग घडवून, पूर्वी गुळवेल दिलेले उंदीर त्यातून अधिक संख्येने वाचतात काय, हे पाहिले. गुळवेल जीवाणूंना स्वतः मारीत नसेल आणि तरीही उंदीर वाचत असतील, तर मारण्याचे काम उंदराच्या स्वतःच्या पेशी करीत असल्या पाहिजेत, अशी ही विचारसरणी होती.

यानंतरची पायरी मला विशेष मोलाची वाटते. कोणास तरी, कशावर तरी गुळवेल देऊन पाहू, असे न करता त्यांनी रोगी असा निवडला की ज्याच्या भक्षकपेशी दुबळ्या झाल्या आहेत हे आधीच मोजून दाखविता येते. कर्करोगाच्या गाठीने पित्तनलिका चेपली म्हणजे पित्त तुंबून अवरोधी कावीळ होते. अशा रोग्याच्या रक्तातील न्यूट्रोफिल नामक भक्षकपेशींची जीवाणू गिळण्याची व मारण्याची क्षमता खालावते, आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही तो पुढे जंतुदोषाने दगावतो. शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट, डॉ. निर्मला रेगे, डॉ. डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे ३० रोगी होते. त्यांचे दोन गट करून दोन्हींना नेहमीचे उपचार दिले व एका गटास त्याशिवाय गुळवेल दिली. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात निम्म्या रोग्यांना रक्तात जंतुदोष झाला, गुळवेलीच्या गटात एकालाही झाला नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ४० आणि दुसऱ्यात शेकडा ९२ च्या वर होते, आणि न्यूट्रोफिलांची क्षमता पूर्ववत झाल्याचेही मोजमापांत दिसले.

तीस हा आकडा लहान आहे, आणि तेवढ्यावरून कोणताही उपचार सर्वत्र रूढ करू नये हे उघड आहे. पण हा प्रयोग नीट वाचला असता एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की धडधाकट मनुष्याने सकाळी उठून गुळवेलीचा रस प्यावा असे यात कोठेही सिद्ध झालेले नाही. ज्याची पेशी मंदावली होती तिला पूर्वस्थितीवर आणले, इतकाच त्याचा निष्कर्ष. बाटलीवरच्या जाहिरातीने मात्र यातील रोगी, मात्रा आणि मुदत हे सर्व गाळून केवळ वेलीचे नाव तेवढे उचलले.

आता, पेशीला एखादे द्रव्य जाणवते तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणापाशी नव्हते. लस टोचताना रोगजंतूचे शुद्ध प्रथिन एकटे दिले तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही, आणि त्यात मेलेल्या जीवाणूंचा किंवा तुरटीवर्गीय क्षारांचा थोडा ‘मळ’ मिसळला की लस लागू पडते, हे प्रत्येक प्रतिकारशास्त्रज्ञास ठाऊक होते, पण उघड बोलावयास सर्वजण कचरत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली हे जाहीरपणे मांडले, आणि असे अनुमान केले की सूक्ष्मजीवांच्या अंगी असणारे व आपल्या शरीरात कधीही नसणारे ठराविक आकार ओळखणारे ग्राही आपल्या पेशींवर जन्मतःच असले पाहिजेत. हे ग्राही पुढे खरोखरच सापडले. ज्यूल्स हॉफमन यांना १९९६ साली फळमाशीत, आणि ब्रूस बॉयटलर यांना १९९८ साली उंदरात त्यांचा माग लागला. २०११ चे नोबेल पारितोषिक या दोघांबरोबर डेंड्रायटिक पेशींचे शोधक राल्फ स्टाइनमन यांना जाहीर झाले, पण स्टाइनमन त्या घोषणेपूर्वी तीनच दिवस निवर्तले होते, आणि समितीने विचारविनिमय करून त्यांचा मान कायम ठेवला.

बॉयटलर यांचा ग्राही जीवाणूंच्या बाह्य कवचातील लिपोपॉलिसॅकराइड नामक द्रव्य ओळखतो, आणि त्याची तीक्ष्णता अशी की एका ग्रॅमच्या अब्जांश भागाइतके द्रव्यदेखील काचपात्रातील भक्षकपेशी चवताळण्यास पुरते. आमच्या विषयातील पुष्कळशा घोटाळ्याचे मूळ येथे आहे. पाने, मुळ्या, साली ही मातीत आणि वाऱ्यात वाढतात, त्यांच्या अंगावर आणि अंतरंगातही जीवाणूंची वस्ती असते; तेव्हा त्यांचा अर्क पेशींवर टाकून पेशी उत्तेजित झाल्या तर श्रेय कोणाचे, वनस्पतीचे की तिच्या बिऱ्हाडकरूंचे? युरोप-अमेरिकेत सर्दीपडशावर घेतल्या जाणाऱ्या एकिनेशिया या वनस्पतीची अशी झडती मिसिसिपी विद्यापीठातील संशोधकांनी घेतली, तेव्हा भक्षकपेशींना चेतविणाऱ्या तिच्या गुणाचा बराच मोठा भाग तिच्यात राहणाऱ्या जीवाणूंच्या लिपोप्रथिनांचा आणि लिपोपॉलिसॅकराइडचा असल्याचे त्यांना आढळले. ही गोष्ट ऐकून काहींना विषाद वाटतो. मला ती मोठी मनोरंजक वाटते. परंतु यामुळे वनस्पतींच्या अर्कांवरील कितीतरी प्रबंधांची कैफियत पुन्हा ऐकून घ्यावी लागते, आणि जेथे जीवाणूजन्य मळ काढून टाकल्याचा स्वच्छ पुरावा नाही तेथे निर्णय राखून ठेवावा लागतो.

गुळवेलीपुरते बोलावयाचे तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील जीवशास्त्रज्ञांनी तिच्या कांडांतून अरॅबिनोगॅलॅक्टन वर्गातील एक पॉलिसॅकराइड, म्हणजे बहुशर्करा, वेगळे काढून त्यास जी-१-४-ए असे दप्तरी नाव दिले, आणि त्यावर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या २००७ सालच्या निबंधातील एक निरीक्षण आपल्या प्रस्तुत विवेचनास फार उपयुक्त आहे. ज्या उंदरांना हे द्रव्य आगाऊ दिले होते त्यांना नंतर लिपोपॉलिसॅकराइडची मारक मात्रा टोचली असता ते तिच्या आघातातून बचावले. म्हणजे जे द्रव्य पेशीस चेतविते तेच, आधी दिले असता, पुढील मोठ्या उत्तेजनास तिला आवरून धरावयास शिकविते. क्रम बदलला की परिणाम बदलला. आता यास शक्ती वाढविणारे म्हणावे की घटविणारे, याचा निवाडा बाटलीवरच्या चिठ्ठीने कसा करावा!

अळंब्यांच्या बाबतीत हीच कथा थोड्या निराळ्या अंगाने येते. टोकियोच्या गोरो चिहारा यांनी १९६९ साली शिताके अळंबीतून लेंटिनान नावाचे ग्लुकान काढले; ते उंदरातील गाठी विरघळवीत असे, पण काचपात्रातील कर्कपेशींवर टाकले असता त्यांना काहीच होत नसे, यावरून त्याचे कार्य यजमानाच्या पेशींद्वारा चालते हे उघड झाले. जपानात ते जठराच्या कर्करोगावरील उपचारांत जोड म्हणून, लक्षात घ्या, शिरेतून टोचण्यासाठी, वापरले जाऊ लागले. किण्व आणि बुरशी यांच्या ग्लुकानांना ओळखणारा डेक्टिन-१ हा ग्राही ऑक्सफर्डमध्ये २००१ साली निश्चित झाला, आणि आणखी दहा वर्षांनी असे दिसून आले की तेच ग्लुकान विरघळलेल्या स्थितीत ग्राहीला चिकटते खरे, पण पेशी जागी होत नाही. ते कणरूपाने पेशीच्या अंगास भिडावे लागते, तेव्हा तेथील अडसर बाजूस सरकतात आणि पेशी तो कण गिळू लागते. पेशीने तुकडा आणि सबंध शत्रू यांत भेद करावा, आणि दूरवरून वाहत आलेल्या अवशेषांसाठी आपला दारूगोळा खर्चू नये, ही व्यवस्था किती शहाणपणाची! अळंबीचे सूप करून पिणाऱ्याच्या रक्तात यांपैकी काय आणि कोणत्या स्वरूपात पोहोचते, हा प्रश्न मी श्रोत्यांवर सोपवितो. सूप चांगले लागते, तेवढे पुरे आहे.

उत्तेजनाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या अवधीत मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रोग्यांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने या नोंदीस हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही आणि गुळवेलीच्या जातीतील दुसऱ्याच वेलीचा घोटाळा झाला असावा असे म्हटले; त्यानंतर देशातील १३ केंद्रांतून ४३ रोग्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. या रोग्यांत काहींना स्वतःच्याच यकृतावर उठणाऱ्या प्रतिकारपेशींचा विकार आधीपासून सुप्त होता, असे तज्ज्ञांचे मत पडले. गुळवेल घेणाऱ्या असंख्य लोकांच्या मानाने हे रोगी थोडे आहेत, आणि तेवढ्याने ती वेल विषारी ठरत नाही. परंतु ज्या घरात आधीच भाऊबंदकी माजली आहे तेथे सर्वांच्या हाती लाठ्या देणे हे रक्षण नव्हे, हे वैद्याने जाणले पाहिजे. संधिवात, सोरायसिस, थायरॉइडचे काही विकार असलेल्या रोग्याने प्रतिकार वाढविण्याच्या नादी लागण्यापूर्वी आपल्या डॉक्टरास विचारावे.

आता मी ज्या वस्तूकडे येतो तिच्यात या विषयातील सर्वांत भरीव यश साठविलेले आहे, आणि ती आपल्या काढ्यांच्या यादीत नाही. पाश्चर संस्थेत घटसर्पाच्या लसीवर काम करणारे पशुवैद्य गास्ताँ रामों यांना १९२०च्या दशकात असे दिसले की लस टोचलेल्या जागी ज्या घोड्यांना गळू होते, त्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक तयार होते. मग त्यांनी लसीत मुद्दाम निरुपद्रवी पण दाहकारक वस्तू मिसळावयास आरंभ केला. पावाचा चुरा, आगर, टॅपिओका, म्हणजे आपला एकादशीचा साबुदाणा, आणि सॅपोनिन. यांतील साबुदाणा शास्त्रातून लवकरच बाहेर पडला, सॅपोनिन मात्र राहिले.

सॅपोनिन आपल्याला अनोळखी नाही. रिठे किंवा शिकेकाई भिजवून चोळली म्हणजे जो फेस येतो तो सॅपोनिनांचाच. क्षारजलात कालविलेले रक्त परीक्षानळीत धरले तर ते गढूळ असल्यामुळे पलीकडचे अक्षर दिसत नाही. त्यात रिठ्याच्या पाण्याचे काही थेंब टाका, थोड्याच वेळात ते स्वच्छ, पारदर्शक, तांबडे होते आणि अक्षर वाचता येते. सॅपोनिनाने तांबड्या पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉल धरून त्यांना भोके पाडलेली असतात. असे द्रव्य मनुष्याच्या दंडात टोचावयाचे कसे?

दक्षिण अमेरिकेत चिलीच्या डोंगरउतारांवर किल्याय नावाचा सदाहरित वृक्ष वाढतो. त्याची साल कुटून माप्युचे लोक कपडे आणि केस धूत आले आहेत, आणि तिच्या अर्काचा फेस आजही पेयांत वापरला जातो. या सालीतील सॅपोनिन गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीत उपयोगी पडते हे विसाव्या शतकाच्या मध्यास कळले, पण मनुष्यासाठी तो ओबडधोबड अर्क चालण्यासारखा नव्हता. १९७४ साली डेन्मार्कच्या क्रिस्टियन डाल्सगार्ड यांनी तो बराच शुद्ध केला, आणि १९९१ साली अमेरिकेत शार्लट केन्सिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे घटक एकेक वेगळे काढून, एकविसाव्या अंशात पेशींना जागविण्याचा गुण चांगला असून विषारीपणा कमी आहे असे दाखविले. त्याचेच नाव क्यूएस-२१. तरीही पेशी फोडण्याची खोड राहिलीच होती. तीवर उपाय योजिला तो असा की ज्या कोलेस्टेरॉलसाठी सॅपोनिन पेशीचे आवरण फाडते तेच कोलेस्टेरॉल त्याला आधीच स्निग्धद्रव्यांच्या सूक्ष्म गोलकांत भरून द्यावे. स्वीडनमधील ब्रोर मोरेन यांनी १९८४ साली सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड यांचे पिंजऱ्यासारखे अतिसूक्ष्म कण तयार केले होते. त्याच वंशातील कण पुढे मेट्रिक्स-एम या नावाने प्रसिद्धीस आले. सालीची शक्ती कामास आली ती असे तिचे दात काढल्यानंतर.

नागिणीवरील ‘शिंग्रिक्स’ लशीच्या एका मात्रेत क्यूएस-२१ केवळ ५० मायक्रोग्रॅम असते आणि तितकेच, साल्मोनेला जीवाणूच्या लिपोपॉलिसॅकराइडपासून सौम्य केलेले, दुसरे द्रव्य. टोचल्यावर ही जोडी दंडातून जवळच्या लसीकाग्रंथीत जाते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की ग्रंथीच्या वेशीवर बसलेल्या भक्षकपेशी क्यूएस-२१ ने प्रथम जाग्या होतात, त्यांच्या इशाऱ्याने डेंड्रायटिक पेशी धावून येतात, आणि लशीतील प्रथिन टी-पेशींपुढे हजर करतात. हा सर्व गोंगाट त्याच ग्रंथीपुरता असतो आणि लवकरच मावळतो. दंड दुखतो, ताप येतो, आणि तो गेला की स्मृती मागे राहते. पन्नाशी उलटलेल्यांवरील २०१५ सालच्या चाचणीत या लशीने नागिणीस सुमारे शेकडा ९७ प्रमाणात प्रतिबंध केला, आणि वृद्धांच्या थकलेल्या प्रतिकारास लशी हलवू शकत नाहीत असे जे आपण मानीत आलो होतो, त्या समजुतीस मोठाच धक्का बसला. किल्यायच्या सालीचा दुसरा प्रवास पुण्यापर्यंत येतो. ऑक्सफर्डमध्ये योजिलेली हिवतापावरील आर-२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, तिच्यात मेट्रिक्स-एम आहे, आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. आफ्रिकेतील चाचण्यांत, जेथे हिवताप हंगामी असतो तेथे, तिने लहान मुलांना पहिल्या वर्षात सुमारे शेकडा ७५ संरक्षण दिले. चिलीच्या डोंगरावरची साल, स्वीडनची युक्ती, हडपसरचे कारखाने आणि बुर्किना फासो-मालीतील मुले यांची अशी गाठ पडेल हे रामों यांच्या घोड्यांना कसे कळावे.

या वृक्षावर पडणारा ताण मात्र वाढतो आहे, कारण साल काढण्यास मुभा मर्यादित आहे आणि वृक्ष सावकाश वाढतो. म्हणून २०२४ साली कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग आणि इंग्लंडमधील अ‍ॅन ऑस्बर्न यांच्या मंडळींनी किल्यायची जनुके किण्वात घालून संपूर्ण क्यूएस-२१ किण्वाकरवी बनवून घेतले, याचे महत्त्व मोठे आहे. मिळालेले उत्पन्न अजून अत्यल्प आहे. पण रेणू हाती असला म्हणजे त्याचा एकेक अवयव बदलून पाहता येतो: कोणता भाग दंड दुखवितो, कोणता भाग भक्षकपेशीस हाक मारतो, एक काढून दुसरा ठेवता येतो काय. गुळवेलीच्या शर्करेला हेच प्रश्न विचारण्याइतकी विद्या आणि साधने तुर्भे, परळ आणि पुणे येथे आज आहेत. त्यासाठी एकाच जातीच्या, ओळख पटविलेल्या वेलीची लागवड करावी लागेल, रसातून जीवाणूंचा मळ धुऊन काढावा लागेल, द्रव्य तोंडाने द्यावयाचे की टोचावयाचे हे आधी ठरवावे लागेल, आणि रोगी डॉ. बापटांच्या रोग्यांसारखे, म्हणजे ज्यांची पेशी खरोखरच मंदावली आहे असे, ३० ऐवजी काहीशे निवडावे लागतील. आणि माझ्या अंदाजाने या सर्व खटाटोपातील निम्मा काळ केवळ तो मळ धुण्यातच जाईल.